लहान आतड्यातील शोषणप्रक्रिया आणि जलसंजीवनीचे शास्त्रीय अधिष्ठान

प्रस्तावना :
पचन व शोषण या परस्परपूरक, परंतु भिन्न प्रक्रिया आहेत. पचनात अन्नातील जटिल घटकांचे साध्या घटकांत विघटन होते. शोषणात हे घटक आतड्याच्या भित्तिकेतून रक्तात व लसिकेत जातात. पटकीसारख्या रोगात हा समतोल ढासळल्यास काही तासांतच रुग्णाचा मृत्यू ओढवू शकतो. प्रस्तुत लेखात शोषणाचे तत्त्व व त्यावर आधारित उपचार यांचे विवेचन केले आहे.

शोषणाची यंत्रणा :
प्रौढ व्यक्तीच्या आतड्यात दररोज सुमारे ८ ते ९ लिटर द्रव येतो. त्यांपैकी सुमारे २ लिटर अन्नपाण्यातून व उर्वरित पाचकरसांतून येतो. यातील जवळजवळ सर्व द्रव, मुख्यत्वे लहान आतड्यातील रसांकुरांमार्फत, शोषला जातो. मलावाटे केवळ १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो. ग्लुकोज सोडियमच्या साहचर्याने पेशीत प्रवेश करते, हा सिद्धान्त रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडला. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत जातात व त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते.

पटकी व उपचार :
पटकीच्या जंतूंच्या विषामुळे आतड्यातील पेशी क्लोराइड व पाणी अतिरिक्त प्रमाणात स्रवतात. तथापि ग्लुकोज-सोडियमचा उपरोक्त मार्ग अबाधित राहतो. म्हणूनच नुसते पाणी वा नुसते मीठ पुरेसे ठरत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकी पसरली व शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

निष्कर्ष :
जलसंजीवनीचे सामर्थ्य घटकांच्या प्रमाणात आहे. साखर अतिरिक्त झाल्यास आतड्यात उलट पाणी ओढले जाऊन जुलाब वाढतात. यामुळेच जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये कमी तीव्रतेचे सुधारित मिश्रण स्वीकारले. त्यात ग्लुकोज व सोडियम प्रत्येकी ७५ मिलिमोल प्रतिलिटर आहे. प्रयोगशाळेतील मूलभूत संशोधन सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचल्यास किती जीव वाचू शकतात, याचे हे बोलके उदाहरण होय.