खोक्याचं भाडं कोणी भरायचं?

तुळशीची लग्नं लागली की सावंतवाडीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. लग्नपत्रिका, जत्रांची हँडबिलं, दशावतारी नाटकांच्या जाहिराती, सगळं एकदम येतं. गेल्या वर्षी नेमक्या त्याच आठवड्यात सकाळी बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. पंखा फिरेना, दिवा लागेना. पाचच महिन्यांपूर्वी बंगळुरूच्या एका कंपनीच्या संकेतस्थळावरून तो 78 हजारांना तयार जोडलेला मागवला होता. ‘3 वर्षं वॉरंटी’ हे शब्द तिथे किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत होते.

फोन केला. पलीकडचा मुलगा नीट बोलला. ‘‘मॅडम, युनिट आमच्याकडे पाठवा, दुरुस्ती मोफत आहे. भाडं मात्र जातानाचंही तुमचं आणि येतानाचंही.’’ खोक्यातल्या पत्रकाच्या मागच्या पानावर तसं लिहिलंय, असंही त्याने सांगितलं. मी पत्रक शोधलं. बारीक अक्षरांत खरंच लिहिलेलं होतं.

कुरियरवाल्याकडे गेले. काट्यावर खोकं साडेबारा किलो भरलं, पण त्याने पावती वीस किलोची करायला घेतली. मी थांबवलं, तेव्हा त्याने टेप लावून हिशेब दाखवला. खोकं 60 सेंटिमीटर लांब, 55 उंच, 30 रुंद. तिन्हींचा गुणाकार 99 हजार, त्याला 5 हजारांनी भागलं की 19.8. याला ते व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणतात. गाडीत माल जागा किती अडवतो, त्यावर भाडं ठरतं. खरं वजन आणि हे वजन यांत जे जास्त, तेच धरतात. कॉम्प्युटरचं कॅबिनेट आतून बरंचसं पोकळ, भोवती फोम, त्यामुळे त्या पोकळीचंही भाडं आपण भरतो. एका फेरीचे 1,700 रुपये, दोन फेऱ्यांचे 3,400.

खोकं तसंच परत आणलं आणि ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला बोलावलं. बाजूच्या झाकणावर कंपनीचं सील होतं. ते फाटलं की वॉरंटी गेली म्हणून हात झटकतील, ही भीती होती. म्हणून आधी ईमेल करून उघडायची लेखी परवानगी मागितली. ती दुसऱ्या दिवशी मिळाली. त्याने दुसरा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, जोडून पाहिला आणि मशीन चालू झालं. ‘‘ताई, एवढाच गेलाय. नवा चार हजारांत येईल.’’ म्हणजे ‘मोफत’ दुरुस्तीचं भाडं जवळजवळ नव्या भागाच्या किमतीइतकं होत होतं! शिवाय अख्खं मशीन पाठवलं असतं तर गिऱ्हाइकांच्या सगळ्या फायली एसएसडीसकट बंगळुरूला गेल्या असत्या.

मी पैसे भरून मोकळी झाले नाही. विकणाऱ्याने सदोष वस्तू दिली, तर ती दुरुस्तीला नेण्याआणण्याचा खर्चही त्याचाच, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: दुरुस्तीसाठी लागणारी मजुरी, साहित्य आणि टपालखर्च विक्रेत्याने सोसायचा. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात इतकं थेट वाक्य नाही. ते असायला हवं.

पण आपण अगदी निःशस्त्रही नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, स्वतःचा माल स्वतःच ऑनलाइन विकणाऱ्याने वॉरंटीची माहिती आणि माल परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाला ठळकपणे दाखवायचा असतो. या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या खर्चाचा एक शब्द नव्हता. पत्रक हातात पडतं ते पैसे भरून, खोकं फोडल्यावर. संकेतस्थळाच्या पानांचे स्क्रीनशॉट, बिल आणि पत्रकाचा फोटो जोडून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत देणं आणि महिन्याभरात निवारण करणं, हेही त्याच नियमांत आहे. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. फक्त एसएमपीएस पाठवा, माणूस घरी येऊन नेईल, दोन्ही वेळचा खर्च आमचा. अकरा दिवसांनी नवा आला. मधल्या काळात भावाच्या लॅपटॉपवर रात्री जागून पत्रिका केल्या. त्या दिवसांची भरपाई मात्र कोणी दिली नाही.

कंपनी बधली नसती, तर ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं मी ठरवलं होतं. कंपनी बंगळुरूची असली तरी 2019 च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथे तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची.

तुम्ही असा तयार कॉम्प्युटर मागवणार असाल, तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न ईमेलने विचारा: बिघडला तर भाडं कोणाचं, आणि तंत्रज्ञ घरी येतो की मशीन पाठवावं लागतं? उत्तर जपून ठेवा. मूळ खोकं आणि फोमही टाकू नका, कारण पाठवायची वेळ आलीच तर त्या मापाचं दुसरं मिळत नाही, आणि सैल बांधलेल्या मशीनमधलं जड ग्राफिक्स कार्ड धक्क्याने स्लॉट मोडू शकतं. माझं खोकं माळ्यावर आहे. वॉरंटी संपेपर्यंत ते तिथेच राहील.