गाडी गरम होतेय? आधी ‘कधी’ होतेय ते पाहा

हल्ली रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येतो आणि बकरी ईद ऐन उन्हात. कलिंगडं, खजूर, बकऱ्या, मंडपाचं सामान अशी सगळी ने-आण आपल्या मोहल्ल्यांत बहुतेक जुन्या पिकअपवरच चालते. दहा-पंधरा वर्षं वापरलेली बोलेरो पिकअप, टाटा २०७, नाहीतर छोटा हत्ती. घरात एकच गाडी, तिच्यावरच रोजी आणि बऱ्याचदा डोक्यावर हप्ताही. अशी गाडी घाटात वाफ सोडत उभी राहिली की माल नासतो, जनावरं उन्हात तडफडतात आणि हेडचं काम निघालं तर महिन्याची कमाई गॅरेजला जाते. म्हणून या वेळी आम्ही थोडं गॅरेजचं शास्त्र मांडत आहोत. उष्णता आणि दाब, वर्गात शिकवतो तेच.

इंजिनाच्या आतल्या पोकळ्यांतून पाणी फिरतं, उष्णता घेतं, वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये येतं, तिथे हवेने थंड होऊन खालच्या पाइपने परत जातं. फिरवण्याचं काम वॉटर पंपाचं, ज्याला आपले उस्ताद ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. मध्ये थर्मोस्टॅटचा वॉल असतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो आणि साधारण ८० अंशांच्या आसपास उघडू लागतो. धावत्या गाडीत ८० ते ९५ अंश हे तब्येतीचं तापमान.

आता झाकण. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. त्यावर ०.९ किंवा १३ असा आकडा कोरलेला असतो, तो दाबाचा. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, पण या दाबाखाली ते ११८ अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाचं रबर फाटलं किंवा स्प्रिंग मेली की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. वर चढाल तसा फरक आणखी वाढतो. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. सपाटीवर ठीक चालणारी गाडी घाटमाथ्यावर उकळते, त्यात चढाच्या ताणाबरोबर हेही एक कारण असतं. झाकण ही सगळ्यांत स्वस्त वस्तू, आणि लोक सगळ्यांत शेवटी तिच्याकडे बघतात.

उस्तादाकडे जाऊन ‘गाडी हीट मारते’ एवढंच सांगू नका. कधी मारते ते सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

सिग्नलला, बाजारात, लोडिंगला उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येतो, तर संशय पंख्यावर घ्यायचा. चालत्या गाडीत वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत तो पंख्यानेच ओढावा लागतो. बेल्ट ढिला आहे का पाहा: इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. काही गाड्यांत पंख्याला तेल भरलेलं कपलिंग असतं. बंद, थंड इंजिनावर हाताने पंखा फिरवून सोडला आणि तो भिंगरीसारखा फिरतच राहिला, तर कपलिंग गेलं. पंखा विजेवरचा असेल तर फ्यूज, रिले आणि सेन्सर तपासायला सांगा.

उलट, बाजारात ठीक पण कसारा किंवा खंबाटकी घाटात माल भरून चढताना गरम होते, तर पंख्याला दोष देऊन उपयोग नाही. तिथे रेडिएटर कमी पडतोय. बाहेरून जाळी बुजली असेल, किंवा आतून नळ्या. मालेगाव, भिवंडीच्या पॉवरलूम भागात हवेत रुई उडत असते, कांद्याच्या पट्ट्यात टरफलं, आणि ती सगळी जाळीत जाऊन बसतात. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, घाण आत असते. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर पंप मारला तर जाळीचे पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

आतल्या नळ्या बुजण्याचं कारण आपलंच पाणी. मराठवाड्यात, सोलापूरकडे बोअरच्या पाण्याने घरातल्या पातेल्यांना पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पोकळ्यांतही धरतो. तपासायचं कसं? गाडी पुरती तापल्यावर बंद करा आणि पंख्यापासून हात सांभाळून दोन्ही होज पाइपांचा अंदाज घ्या. वरचा कडक गरम आणि खालचा जवळजवळ थंड, म्हणजे पाणी रेडिएटरमधून पुढे सरकत नाही. नळ्या तरी बुजल्यात, नाहीतर वॉटर पंपाची पाती झिजलीत. काटा वर गेलाय आणि वरचाच पाइप गार आहे, तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय. गॅरेजात तापमानाची गन असेल तर रेडिएटरवर फिरवून बघा, मध्येच थंड पट्टे सापडले तर तिथल्या नळ्या बुजल्या. (कोरोनात कपाळावर धरायची ती गन इथे चालत नाही, ती एवढ्या तापमानासाठी नसते.)

थर्मोस्टॅटबद्दल जरा कडक बोलायचं आहे. ‘वॉल काढून टाक, गाडी थंड राहील’ हा सल्ला सर्रास मिळतो. वॉल काढला की इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त पितं, आतली झीज वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत हाच वॉल उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर थोडं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. जुना वॉल खराब आहे का हे घरीही कळतं: पातेल्यात पाणी घ्या, वॉल दोऱ्याने लटकवून बुडवा, थर्मामीटर ठेवा, गॅस लावा. वॉलवर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. हा प्रयोग मुलांसमोर करावा, एका तासात त्यांना पुस्तकातलं प्रसरण कळतं.

सगळ्यांत वाईट दुखणं म्हणजे हेड गॅस्केट. खूण अशी: बाहेर कुठे थेंब नाही तरी पाणी रोज कमी होतं. थंड गाडीचं झाकण काढून स्टार्ट केली की तोंडाशी एकसारखे बुडबुडे येत राहतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलच्या पट्टीवर दुधाच्या चहासारखा रंग. यातली एक जरी खूण पक्की दिसली तर पुढचा फेरा रद्द करा. पाणी घालत घालत ‘एवढी ईद निघू दे’ म्हणून गाडी रेटली की गॅस्केटचं काम हेडवर जातं आणि हेडचं ब्लॉकवर.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. पाणी पूर्ण संपलं तर सेन्सर कोरडा पडतो, आणि काटा चढायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. चढावर काटा अचानक पडला तर सुटलो म्हणू नका, आधी थांबा.

रस्त्यात काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण चालू. तो इंजिनाचीच उष्णता बाहेर टाकतो. बाजूला घ्या. वाफ नसेल, बेल्ट शाबूत असेल तर मिनिटभर आयडलवर राहू द्या, पंखा काम करतो. वाफ दिसली, पाइप फुटला किंवा बेल्ट तुटला तर लगेच बंद. मग निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. दाब सुटताच आतलं पाणी उसळून तोंडावर येतं, आणि बहुतेकदा झाकण उघडायला गॅरेजमधल्या लहान शागिर्दालाच सांगितलं जातं. त्याला सांगू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो. थंड झाल्यावर जाड कापड ठेवून झाकण हळू उघडा, मग इंजिन आयडलवर ठेवून थोडं थोडं पाणी घाला.

अडचणीत साधं पाणी चालतं, पण गावी पोचल्यावर ते काढून कूलंट भरा. घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं, तयार मिळतं त्यात पाणी घालायचं नाही. भरताना आत हवा अडकते, म्हणून झाकण उघडं ठेवून इंजिन तापू द्यावं आणि पातळी खाली गेली की पुन्हा भरावं. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका. ते विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. बांधलेली बकरी, मांजर, रांगतं मूल, कुणीही तोंड लावू शकतं. डब्यात भरून, झाकण लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल जिथे देता तिथल्या गॅरेजवाल्याला ते घेतात का ते विचारा.