ज्याचे ताट, त्याची मर्जी?



“कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा हक्क. आपण सांगणारे कोण?” मागच्या सभेत एका बंधूंनी विचारलेला हा प्रश्न रास्त आहे. आदिवासींच्या ताटात डोकावून नाक मुरडणारे पुष्कळ झाले. त्यांत आपली भर नको.

पण समोर दोन गोष्टी असतील, तरच निवड खरी. मोखाड्याच्या पाड्यावरची आई सकाळी मजुरीला निघताना मुलाच्या हातावर पाच रुपये ठेवते. जवळच्या दुकानात त्या पैशांत दूध मिळत नाही, चिप्सचे पाकीट मिळते. मीठ-तेलाने भूक मरते, पण वाढत्या अंगाला हवे ते मिळत नाही. याला मुलाची मर्जी कसे म्हणावे?

घरची नागली मात्र मागे पडते आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पण तिची लावणी, मळणी, दळण कष्टाचे. रेशनवर तांदूळ-गहू मिळतात.

करिंथच्या मंडळीतही वाद खाण्यावरूनच होता. मूर्तीला वाहिलेल्या पदार्थांबाबत पौलाने खाणाऱ्याचे स्वातंत्र्य नाकारले नाही, पण त्यामुळे दुर्बळ बंधू अडखळत असेल, तर ते सोडण्याची तयारी दाखवली (१ करिंथ. ८). प्रौढाने स्वतः काय खावे हा त्याचा हक्क. मुलांपुढे काय ठेवावे ही सर्वांची जबाबदारी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनीही जादा चरबी, मीठ व साखरेचे पदार्थ शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकण्यास मनाई केली आहे.

आणि आपण? गेल्या नाताळात आम्हीच पाड्यावर क्रीमची बिस्किटे व चिप्स वाटले. एका आजीने हळूच विचारले, “ताई, आमची नागली वाईट असते का?” मला उत्तर देता आले नाही. आमच्या खाऊनेच तिच्या नातवंडांना तसे शिकवले होते.

म्हणून नम्र विनंती, यंदा बिस्किटांचे खोके पाठवू नयेत. त्याच रकमेतून पाड्यातल्या भगिनींकडून नागली विकत घेऊ, आणि त्यांच्याच हातचे गूळ-शेंगदाणे घातलेले लाडू मुलांना देऊ. पहिला लाडू त्या आजींच्या हातावर ठेवायचा आहे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यायचे राहिले आहे.