दोन वर्तुळे, चार चौकटी

‘त्याने प्रयत्नांची शिकस्त केली’ या वाक्याचा अर्थ आम्ही सहावीच्या वर्गात विचारला. एका मुलीने लिहिले, ‘तो हरला.’ आम्ही लाल फुली मारली. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. ‘टीचर, घरी अब्बू शिकस्त म्हणजे हारच म्हणतात.’ तिचे म्हणणे खरे होते. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, मराठीत प्रयत्नांची पराकाष्ठा. आमची फुली तिच्या घरच्या बोलीवर पडली होती. पुढे कित्येक दिवस तिने वर्गात हात वर केला नाही.

मुंब्रा-कौसा असो की कल्याण-डोंबिवली, आपली अनेक मुले घरी उर्दू आणि शाळेत मराठी अशी रोज ये-जा करतात. दोन्ही भाषांत सामाईक शब्द इतके आहेत की माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोशच तयार केला. ही मोठी शिदोरी आहे, पण कुठे कुठे ठेच लागते.

म्हणून आम्ही फळ्यावर एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळे काढली. जॉन व्हेन यांनी १८८० मध्ये मांडलेली ही आकृती गणितात सर्वांनी पाहिलेली असते. एक वर्तुळ उर्दूचे, एक मराठीचे. दुकान, कागद, वकील हे शब्द अर्थासह मधल्या भागात. तालीम हा शब्दही मध्ये, पण अर्थ दोन बाजूंना : उर्दूकडे शिक्षण, मराठीकडे आखाडा किंवा नाटकाचा सराव. ‘खाली’ उर्दूत रिकामे, मराठीत तळाशी. आता घरची भाषा चूक ठरत नाही, तिला फळ्यावर जागा मिळते.

संकल्पनेसाठी चार चौकटी उपयोगी पडतात. डोरोथी फ्रेयर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत ही रीत मांडली. मुंब्र्याची मुले रोज खाडी पाहतात, पण खाडी म्हणजे काय विचारले की ‘मोठी नदी’ म्हणतात. मग मधोमध ‘खाडी’ लिहायचे. पहिल्या चौकटीत अर्थ : समुद्राचे पाणी जमिनीत आत शिरते ती जागा. दुसरीत लक्षणे : भरती-ओहोटी, खारट पाणी, काठाला तिवरे. तिसरीत उदाहरणे : ठाणे, वसई. चौथीत खाडी नसलेले : बदलापूरजवळची उल्हास नदी, मासुंदा तलाव. खरी समज या चौथ्या चौकटीत कळते.

‘आम्हाला मराठी नीट येत नाही, मुलांना काय शिकवणार?’ असे अनेक अम्मी म्हणतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच : एक वर्तुळ तुम्हीच भरू शकता. रोज रात्री एकच शब्द घ्या. मुलाला मराठी अर्थ विचारा, आपला उर्दू अर्थ सांगा. पाठकोरा कागद आणि पेन्सिल पुरे.

त्या मुलीची वही आम्ही परत मागून घेतली आणि फुली खोडली. फळ्यावर पहिली दोन वर्तुळे काढली तेव्हा मधला शब्द लिहायला तिलाच बोलावले. तिने ठळक अक्षरांत लिहिले, ‘शिकस्त’.