विश्लेषण : शहर आखण्याची पदवी, पण भरतीत तिला विचारतो कोण?

राज्यांच्या नगररचना विभागांना मिळून १२ हजारांहून अधिक नगररचनाकार लागतील. मंजूर पदे मात्र चार हजारांच्या आत आणि त्यातली ४२ टक्के रिकामी. नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१च्या अहवालातले हे आकडे. एवढी टंचाई म्हणजे एम. प्लॅन झाले की नोकरी हातात, असे कुणालाही वाटेल. गाडे अडते ते वेगळ्याच ठिकाणी.

प्रवेश कुणाला?

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. वास्तुकला, स्थापत्य अभियांत्रिकी किंवा नियोजनाची पदवी हवी. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रात एम. ए. केलेल्यांनाही अनेक संस्था घेतात. बहुतेक सरकारी संस्थांत ‘गेट’चे गुण धरतात. राज्यात पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी, बाहेर दिल्ली व भोपाळची एसपीए, अहमदाबादचे सेप्ट ही ठळक नावे. पर्यावरण नियोजनाची वेगळी शाखा दिल्ली व भोपाळला आहे.

शिकवतात काय?

मुख्य भर ‘स्टुडिओ’वर. विद्यार्थ्यांचा गट एक खरे शहर निवडतो, गल्लोगल्ली फिरून कुठे घर, कुठे दुकान, कुठे गोदाम याची नोंद करतो आणि पुढच्या २० वर्षांची लोकसंख्या, पाणी, रस्ते यांचा हिशेब मांडतो. जमीन व्यवहारात आपण सहज म्हणतो तो ‘येलो झोन’ म्हणजे या नकाशातला निवासी पट्टा. जोडीला जीआयएस, वाहतूक, जमिनीचे अर्थकारण आणि कायदा. आपल्याकडे १९६६चा एमआरटीपी कायदा.

पर्यावरणाची बाजू इथेच येते. नदीकाठच्या निळ्या पूररेषेमागे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा हिशेब असतो, लाल रेषेमागे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा. या रेषा विकास आराखड्यावर नीट उतरल्या नाहीत, तर पूरक्षेत्रातच इमारती उभ्या राहतात. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पुराचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा या रेषा पुन्हा चर्चेत आल्या.

मग नोकरी का अडते?

त्याच अहवालातले एक निरीक्षण फारसे कुणी वाचले नाही. कित्येक राज्यांत नगररचनाकाराच्या पदासाठी नगररचनेची पदवी ही आवश्यक अटच नाही! नुसती स्थापत्य पदवी असली तरी चालते. देशातला पहिला नगररचना कायदा १९१५ साली मुंबई प्रांतात झाला. शतक उलटूनही तज्ज्ञ कुणाला म्हणायचे, हे देशभर एकसारखे ठरलेले नाही.

खासगी सल्लागार कंपन्या, वाहतूक प्रकल्प आणि पर्यावरण आघात अहवाल तयार करणाऱ्या संस्था हे दुसरे दार. २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, त्यामुळे तिथे काम आहे.

सरकारी नोकरीच हवी असेल, तर प्रवेश घेण्याआधी जुन्या भरतींच्या जाहिराती काढा आणि पात्रतेची ओळ वाचा. काही पदांना मूळ पदवीच स्थापत्य किंवा वास्तुकलेची मागतात. भूगोलातून येणाऱ्यांनी हे विशेष पाहावे.