मार्कडाउन लेखनपद्धतीतील ओळखंड व मोकळी जागा : ओवी-अभंगांच्या संगणकीय जतनाच्या संदर्भात

प्रस्तावना
यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून विद्यार्थ्यांनी टिपून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर उतरविताना प्रस्तुत लेखकास एक अडचण आली. टंकलेखनात प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीवर होता. तयार पानावर मात्र सर्व चरण एका सलग परिच्छेदात मिसळले. शब्द एकही गळाला नव्हता, परंतु ओवीचे गद्य झाले होते. या अडचणीची कारणे व उपाय स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कारणमीमांसा
जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये मार्कडाउन ही साध्या मजकुराची लेखनपद्धती प्रसिद्ध केली. तिच्यावर ई-मेलमधील लेखनसंकेतांचा प्रभाव आहे. ई-मेलमध्ये लांब वाक्य सोयीसाठी मध्येच तोडले जाई. म्हणून मार्कडाउनमध्ये एकेरी ओळखंड अर्थशून्य मानला जातो व त्याजागी केवळ एक मोकळी जागा दिसते. रिकामी ओळ सोडल्यासच नवा परिच्छेद सुरू होतो. गद्यास हा नियम सोयीचा आहे. पद्यास तो मारक ठरतो. मोठ्या अभंगात 6, 6, 6 व 4 अक्षरांचे चार चरण असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक साधते. ओळखंड नाहीसा झाल्यास ही रचना वाचकाच्या डोळ्यांस दिसत नाही.

उपाययोजना
1. ओळीअखेर दोन मोकळ्या जागा सोडल्यास ओळखंड टिकतो. तथापि ही खूण अदृश्य असून अनेक संपादन-प्रणाली अशा जागा आपोआप पुसून टाकतात.
2. ओळीअखेर उलटी तिरकी रेघ (बॅकस्लॅश) द्यावी. 2014 मध्ये पुढे आलेल्या कॉमनमार्क नियमावलीत ही सोय असून ती डोळ्यांस दिसते. सर्वच जुन्या प्रणाली मात्र ती ओळखत नाहीत.
3. पॅनडॉक या रूपांतर-प्रणालीत प्रत्येक ओळीच्या आरंभी उभी रेघ व त्यानंतर एक मोकळी जागा दिल्यास ओळी आणि त्यांच्या आरंभीची मोकळी जागा, दोन्ही जशाच्या तशा राहतात. पद्यासाठी ही पद्धत सर्वांत सोयीची आहे.
4. चरण आत सरकविण्यासाठी नुसत्या मोकळ्या जागा वापरू नयेत. रिकाम्या ओळीनंतर चार जागा सोडल्यास तो मजकूर संगणकीय आज्ञावली समजला जातो.

एकच मजकूर निरनिराळ्या ठिकाणी निराळा दिसू शकतो. गिटहबवरील टिप्पणीत एकेरी ओळखंड टिकतो; तेथीलच मार्कडाउन धारिकेत तो टिकत नाही. म्हणून अंतिम रूप तपासल्याशिवाय मूळ वही बाजूस ठेवू नये.

निष्कर्ष
जुन्या हस्तलिखित पोथ्यांत ओव्या सलग लिहिलेल्या आढळतात. परंतु दंड व ओवीक्रमांक यांमुळे ओवी कोठे संपते हे वाचकास कळे. लेखनाचे साधन बदलले तरी ती गरज बदललेली नाही. जात्यावरची ओवी गाणारी स्त्री जेथे थांबते, तो थांबा ओवीचाच भाग आहे. तो अदृश्य जागांच्या भरवशावर न सोडता दिसणाऱ्या खुणेने नोंदविणे हे संकलकाचे कर्तव्य ठरते.