हरवलेली जागा

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं एक टेराबाइटची नवी बाह्य हार्ड डिस्क आणिली. संगणकांतील जुनी २५० गिगाबाइटची डिस्क तींत क्लोन केली, म्हणजे हुबेहूब उतरविली, आणि पाहतात तों जागा अवघी २३२! दुकानदारानें फसविलें, असा त्यांचा ग्रह झाला.

दुकानदार बिचारा निर्दोष होता. क्लोन करितांना केवळ फाइली उतरत नाहींत. डिस्कवरील विभागांची नोंद, जिला पार्टिशन टेबल म्हणतात, तींतील मापेंही बहुधा जशींच्या तशीं येतात. मोठ्या शेताला लहान शेताचा सातबारा लावावा, तसेंच हें. उरलेली जमीन असते, पण कोणाच्या नांवें नसते.

विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडिलें असतां ही जमीन काळ्या पट्टीखालीं 'अनअलोकेटेड' म्हणून दिसते. शेजारच्या विभागावर माउसचें उजवें बटण दाबून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' निवडावें. मात्र मोकळी जागा त्या विभागाच्या लगत उजवीकडेच हवी. मध्यें रिकव्हरीचा लहान विभाग आडवा आला, तर हा बांध हलविणारें निराळें साधन लागतें.

येथेंच घाई नडते. डिस्कपार्टची 'क्लीन' ही आज्ञा सारी जागा मोकळी करिते खरी, परंतु विभागांची नोंदच पुसते. मग घरचीं छायाचित्रें कोठून दिसणार? दुसरी प्रत हातीं असल्यावांचून ती देऊं नये.

सुदैवानें या गृहस्थांच्या डिस्कवर बांध नव्हता. क्षणांत ९३१ गिगाबाइट दिसले. "मग हजारांतले एकोणसत्तर?" त्यांनीं विचारिलें. ते कोठेंच गेले नव्हते. कारखानदार हजारांनीं मोजतो, विंडोज १०२४ नीं.